आजोबांच्या लोखंडी रंध्याची मागची मूठ मधोमध तुटली, जोडावी की नवी करावी?

दोन्ही तुकडे नीट बसत असतील तर जोडाच. जुनं शिसम फेकू नका. तुटलेला भाग पॉलिश पेपरने घासू नका, लाकडाच्या रेषा जुळणार नाहीत. तेल-धूळ थिनरने पुसा, अ‍ॅरल्डाइट लावा. मुठीतल्या लांब बोल्टला मेण चोळून तो आतून घाला नि नट हलका आवळा, तुकडे आपोआप सरळ दाबले जातात. चोवीस तास हात लावू नका.

खरं दुखणं ढिल्या नटचं. आपल्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लाकूड आटतं, मूठ डुलते आणि जोर दिला की रेषेवरच तुटते. आवळूनही डुलत असेल तर नटखाली वायसर टाका. तुकडा हरवला असेल तरच नवी करा. लाकडाच्या रेषा रंध्याच्या तळाला समांतर ठेवा.