दोघांनी लॅपटॉपवर केलेली इलेक्ट्रॉनिक गाणी स्टेजवर कशी वाजवावीत?

तुम्ही दोघे मित्र लॅपटॉपवर गाणी करता, ती आता कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवायचीत, आणि प्रश्न असा की रेकॉर्डिंग जसंच्या तसं लावायचं की मोडून त्याचे तुकडे स्टेजवर जुळवायचे. मोडायचंच. मी आणि माझा जोडीदार लातूर-नांदेड भागात हेच करतो.

स्टुडिओतल्या फाइलमध्ये पन्नास ट्रॅक असले तरी स्टेजवर हात चारच. त्यांचे सहा-आठ स्टेम, म्हणजे एकत्र केलेल्या ट्रॅकचे गट, करा: किक (मोठ्या ड्रमचा ठोका), बाकीचा ताल, बेस, कॉर्ड, मुख्य सूर, आवाज. किक आणि बेस एकत्र करू नका, कारण ते काढून घेऊन पुन्हा आणले की मैदान उसळतं. मास्टरिंगचा लिमिटर (शेवटी सगळ्या गाण्याचा आवाज एका मर्यादेत दाबणारा इफेक्ट) काढूनच स्टेम काढा. मग एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरच्या सेशन व्ह्यूमध्ये, जिथे तुकडे हवे तेव्हा सुरू करता येतात, चार-आठ बारचे (आवर्तनांचे) फिरत राहणारे लूप लावले की गाणं किती लांबवायचं ते तिथल्या तिथे ठरवता येतं.

ब्रिटनची इलेक्ट्रॉनिक जोडी ऑर्बिटल, म्हणजे पॉल आणि फिल हार्टनॉल हे भाऊ, 1990च्या दशकात अलेसिस एमएमटी-8 हे सिक्वेन्सर (सुरांचा क्रम साठवून वाद्यांकडून वाजवून घेणारं यंत्र) घेऊन स्टेजवर जायचे. आठ ट्रॅक, आठ बटणं. कुठला भाग चालू, कुठला बंद, हे वाजवता वाजवता ठरायचं. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचा ‘अलाइव्ह 2007’ हा लाइव्ह अल्बमही ऐका, त्यात त्यांनी स्वतःचीच गाणी एकमेकांत गुंफलीत.

पण मला यातलं खरं शिक्षण आपल्या गोंधळात दिसतं. गोंधळी ओळ वाढवतो तसा संबळ वाढतो, कारण संबळवाल्याचं लक्ष त्याच्याकडेच असतं. तुम्हीही एकाने ताल-बेस, दुसऱ्याने सूर आणि इफेक्ट घ्या, पण शेजारी शेजारी स्क्रीनमध्ये डोकं घालून उभे राहू नका. एकमेकांचा चेहरा दिसला पाहिजे. सराव करायचा तो याचाच.

सिंथ हाताने वाजवणार असाल तर बफर (लॅपटॉप एका वेळी जेवढा आवाज साठवून पुढे पाठवतो तो तुकडा; लहान तर उशीर कमी) 128 सॅम्पलवर ठेवा, 44.1 किलोहर्ट्झला तो साधारण 3 मिलिसेकंदांचा होतो. जड प्लगइन (सॉफ्टवेअरमधली वाद्यं आणि इफेक्ट) आधीच ऑडिओ करून टाका. बेस मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरला सारखाच, ठेवा.

आणि विजेचं बघा. लाइट जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत लॅपटॉप बॅटरीवर तगतो, पण अडॅप्टरवर चालणारा ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज मिक्सरकडे नेणारा डबा) बंद पडतो. त्याला छोटा यूपीएस लावा, नाहीतर लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालणारा इंटरफेस घ्या. साउंडवाल्याचा मिक्सर कशावर आहे तेही दुपारीच विचारून ठेवा.