कार्पोरेशनला अर्ज मराठीत चालतो काय? आणि वाचकांचे बाकीचे प्रश्न

यावेळी प्रश्न भरपूर आलेत. गटार, उतारा आणि घरपट्टी, आपलं बेळगाव ह्या तीन गोष्टींवरच चाललंय असं वाटावं इतके. सारखे सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतोय.

वडगावहून एक ताई विचारतात: गल्लीतली गटार तुंबून घाण पाणी दारात येतंय. नगरसेवकांना व्हॉट्सअॅपवर फोटो टाकले की अंगठा येतो, माणूस येत नाही. लेखी अर्ज द्यावा म्हटलं तर कन्नड लिहायला येत नाही. मराठीत घेतील काय?

घ्यावाच लागतो ताई. राज्यघटनेचं कलम ३५० सांगतंय की गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत द्यायचा प्रत्येकाला हक्क आहे, आणि बेळगावात मराठी वापरात नाही असं म्हणायची हिंमत कोण करणार! काउंटरवरचा माणूस ‘कन्नडमध्ये लिहून आणा’ म्हणाला तर तिथं वाद घालत बसू नका, अर्जाच्या पहिल्याच ओळीत ‘कलम ३५० प्रमाणे निवेदन’ असं लिहून न्या. फक्त एक आहे, उत्तर मराठीतच मिळेल असं ते कलम म्हणत नाही. आणि व्यवहाराचं सांगायचं तर विषयाची एक ओळ शेजारच्या कॉलेजच्या पोराकडून कन्नडमध्ये लिहून घ्या, त्यात कमीपणा काही नाही, अर्ज पुढं ज्याच्या टेबलावर जाणार त्याला तो न वाचता बाजूला ठेवायचं निमित्त मिळू नये एवढंच.

आता अर्जात काय लिहायचं. ‘आमच्या गल्लीत अस्वच्छता पसरली आहे तरी योग्य ती कार्यवाही व्हावी’ असल्या अर्जाचं काही होत नाही ओ. असं लिहा: अमुक गल्ली, देवळापासून तिसरं घर, समोरच्या विजेच्या खांबाचा नंबर हा, इथं गटारीवरची फरशी मोडून आत पडलीय, अमुक तारखेपासून पाणी रस्त्यावर येतंय. म्हणजे ‘जागा सापडली नाही’ म्हणायला वाव राहत नाही. उघडी गटार साफ करणं साधारण आरोग्य विभागाकडं असतंय आणि जमिनीखालचं ड्रेनेज, चेंबर इंजिनिअर लोकांकडं, त्यामुळं तुमचं नेमकं काय तुंबलंय ते स्पष्ट लिहा नाहीतर कागद दोन टेबलांमध्ये फिरत बसतो. अर्ज आयुक्तांच्या नावे, एक कॉपी नगरसेवकांना. आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय सुभाषनगरच्या ऑफिसातून बाहेर पडायचं नाही. पोच नसेल तर तुम्ही अर्ज दिलाच नाही असं समजा.

अनगोळचे एक काका: मग माहिती अधिकाराचा अर्जपण मराठीत चालेल काय? रस्ता करून वर्ष झालं नाही तोवर उखडलाय.

इथं मात्र जरा घोळ आहे काका. माहिती अधिकार कायद्याचं कलम ६ म्हणतंय अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत द्यायचा, म्हणजे आपल्याकडं कन्नड. मराठीत दिला तर परत पाठवायला त्यांना कायद्याचा आधार मिळतो, तेव्हा सरळ हिंदीत लिहा, शाळेत शिकलेली हिंदी पुरते. दुसरं म्हणजे कर्नाटकाच्या नियमात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत पाहिजे, आपली लोकं इथंच फसतात, रस्ता, पाणी, कुत्री सगळं एकाच कागदावर. फी १० रुपये, पोस्टल ऑर्डर चालते.

‘रस्ता का उखडला’ असं विचारू नका. का, कशाला ह्याचं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, जो कागद त्यांच्याकडं आहे तो द्यायला बांधील आहेत. म्हणून मागायचं ते वर्क ऑर्डरची कॉपी, मेजरमेंट बुकाची कॉपी, बिल कधी दिलं आणि डिफेक्ट लायबिलिटीची मुदत कधीपर्यंत आहे. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा असतो, हे कागद हातात आले की पुढचा अर्ज आपोआप लिहिता येतो. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.

एकानं विचारलंय: बॉण्डवर (म्हणजे रजिस्टर न करता नुसत्या नोटरी केलेल्या स्टॅम्प पेपरवर) जागा घेऊन घर बांधलं, घरपट्टी भरतो, मग उतारा का देत नाहीत?

कारण घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे आणि बॉण्ड म्हणजे खरेदीपत्र नव्हे. १०० रुपयांच्या वरची जागा विकायची तर रजिस्टर्ड दस्त लागतो, नोटरीचा शिक्का कितीही मोठा असो. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारनं बी-खात्याची (म्हणजे बेकायदा लेआउटमधल्या जागांची कराच्या वहीत वेगळी नोंद करायची) मोहीम काढली तेव्हा बॉण्डवाल्यांना वाटलं आता सुटलो, पण तिथंही रजिस्टर्ड कागदच मागतात. आणि बी-खातं मिळालं म्हणजे लेआउट कायदेशीर झालं असंही नाही, घर कराच्या हिशोबात आलं इतकंच. मूळ मालक किंवा त्याचे वारस हयात आहेत, बोलत आहेत तोवर खरेदी रजिस्टर करून घ्या, नंतर वारसांची संख्या वाढत जाते. पण आधी वकिलाला कागद दाखवा, एन.ए. (बिगरशेती) नसलेल्या जागेला रजिस्ट्रेशनमध्येच अडचण येऊ शकते. उताऱ्याचा अर्ज देताना ‘सकाल’चा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत काम करून द्यायच्या सरकारी योजनेचा, नंबर मात्र मागून घ्या, मुदत टळली तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० भरपाई मिळते. रक्कम चहापाण्याची आहे, पण क्लार्कला तो नंबर टोचतो.

घरपट्टीत सूट कधी?

एप्रिलमध्ये भरली तर ५ टक्के. मे-जूनमध्ये जेवढ्यास तेवढी, जुलैपासून महिन्याला २ टक्के दंड.

खासबागहून: महापौरांना सगळ्या गल्लीनं मिळून निवेदन दिलं, फोटोपण पेपरात आला, काम झालं नाही. वॉर्ड समिती म्हणतात ती काय असते?

फोटो आला म्हणजे निवेदनाचं काम झालं की हो! महापौरांची मुदत एक वर्षाची, आणि फाईलवर सही आयुक्तांची. म्हणून निवेदन आयुक्तांनापण द्यायचं.

वॉर्ड समिती ही १९७६ च्या महानगरपालिका कायद्यात नंतर घातलेली सोय. अध्यक्ष तुमचा नगरसेवक, दहा सदस्य, त्यात तीन तरी महिला, दोन अनुसूचित जाती-जमातीचे आणि दोन रहिवासी संघटनांचे. महिन्याला बैठक घ्यायची, वॉर्डात कुठलं काम आधी हे सांगायचं. ५८ वॉर्ड आहेत आपल्याकडं, २०२१ ची निवडणूक पक्षांच्या चिन्हावर झाली तेव्हापासून गल्लीतपण पक्ष आलाय, त्यामुळं समितीवर कार्यकर्तेच बसायचा धोका आहे हे मान्य. पण दोन जागा रहिवासी संघटनांच्या आहेत ना? तुमचं मंडळ गणपतीपुरतं आहे की रजिस्टर आहे ते आधी बघा. रजिस्टर नसेल तर त्या दोन जागा मागायला जाताच येत नाही. माझं तर म्हणणं आहे, वर्गणीतले थोडे पैसे ह्या रजिस्ट्रेशनला घाला.

तालुक्यातल्या एका गावातून: ग्रामसभा कधी झाली तेच कळत नाही.

सहा महिन्यांतून एकदा तरी व्हायलाच पाहिजे, आणि त्याआधी वॉर्डसभा. पीडीओंकडं (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडं) मागच्या ग्रामसभेच्या ठरावांची कॉपी मागा, हजेरीच्या सह्यांसकट. हजेरीत तुमचीच सही सापडली तर मला जरूर कळवा.

कॅम्पमधून: आमचा नगरसेवक कोण?

तुम्हाला नगरसेवक नाही. तुमचा भाग कॅन्टोन्मेंट बोर्डाकडं, म्हणजे संरक्षण मंत्रालयाखाली. कार्पोरेशनला अर्ज देऊन वेळ घालवू नका, बोर्डाच्या सीईओंच्या नावे लिहा. पोच घ्यायची ती तिथंपण.