रास्पबेरी पाय ३ ला २.४ ॲम्पिअरचा चार्जर लावूनही ‘लो व्होल्टेज’ची सूचना का येते? स्टॅबिलायझर घ्यावा का?

आपण लिहिले आहे की रास्पबेरी पाय ३ या एका बोर्डावरच्या छोट्या संगणकाला २.४ ॲम्पिअरचा मोबाइल चार्जर लावूनही पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचे चिन्ह दिसते, गावात विजेचा दाब कमी असल्यामुळे असे होते असे आपले काका म्हणतात, आणि आता स्टॅबिलायझर घ्यावा की बोर्डच बदलावा हे आपल्याला ठरवायचे आहे. दोन्हींपैकी काहीही घेऊ नका. आधी केबल बदला.

हे इतक्या ठामपणे सांगतो, कारण नेमका हाच वाद आमच्या घरात झाला आणि त्यात ११ दिवसांच्या नोंदी कायमच्या गेल्या. निफाड तालुक्यात माझ्या थोरल्या भावाची कांदाचाळ आहे. एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांदा चाळीत भरला की पावसाळ्यात हवेतला ओलावा वाढून सड कुठे सुरू होते, हे वेळीच कळणे फार महत्त्वाचे असते. म्हणून मी तिथे एक रास्पबेरी पाय ३ बी बसवला, त्याला तापमान व आर्द्रतेचे दोन सेन्सर जोडले, आणि दर तासाला नोंदी पुण्यात माझ्याकडे याव्यात यासाठी एक यूएसबी डोंगल, म्हणजे मोबाइल इंटरनेटची कांडी, लावला. जुलैच्या अखेरीस नोंदी येणे थांबले. गावी जाऊन पाहिले तर मेमरी कार्ड वाचताच येत नव्हते, आणि चाळीच्या पश्चिमेकडच्या कप्प्यात सड लागलेली होती.

दादाचे म्हणणे होते, “इथे रात्री १८० व्होल्टसुद्धा मिळत नाहीत, तिथे तुझे यंत्र काय चालणार?” दादाने उभा जन्म विहिरीवरच्या मोटारी सांभाळल्या आहेत; कमी दाबावर मोटर उचलत नाही, ताणली तर जळते, हे त्याने अनुभवलेले आहे, त्यामुळे ‘लो व्होल्टेज’ हे शब्द वाचून त्याला खांबावरची तार आठवावी हे स्वाभाविक होते. त्याने त्याच शुक्रवारी ३,५०० रुपयांचा स्टॅबिलायझर आणला. परंतु बोर्डावरची ही सूचना घरातल्या २३० व्होल्टविषयी नसते. बोर्डापर्यंत पोहोचणारे ५ व्होल्ट साधारण ४.६३ च्या खाली उतरले की ती येते. अडॅप्टरच्या पाठीवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, म्हणजे १८० व्होल्ट त्याला अजिबात कमी नाहीत.

स्टॅबिलायझर बसल्यावरही शनिवार-रविवारी कर्नलच्या (बोर्डाच्या कार्यप्रणालीच्या मूळ भागाच्या) नोंदीत ‘अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड’ ही ओळ येतच राहिली, आणि ती जवळजवळ प्रत्येक वेळी तासाच्या ठोक्याला, म्हणजे डोंगल नोंदी पाठवत असतानाच येत होती. तेव्हा मी मल्टिमीटर घेतला. अडॅप्टरच्या तोंडाशी ५.०५ व्होल्ट मिळाले. बोर्डाच्या २ आणि ६ क्रमांकाच्या पिनांवर एरवी ४.७९, आणि डोंगल पाठवू लागला की ४.४७. उरलेले अर्धा व्होल्टहून अधिक दीड मीटरच्या पांढऱ्या, बारीक केबलमध्ये मुरत होते. हिशेब साधा आहे. २८ गेजच्या (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक) तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.२१ ओहम असतो. जाणारी व परतणारी अशा दोन तारा धरल्या तर दीड मीटर केबलचे ०.६४ ओहम झाले, आणि ०.९ ॲम्पिअर वाहिले की ०.५८ व्होल्ट वाटेतच संपले. चार्जरवर २.४ लिहिलेले असो की ४, त्या तारेतली घट तेवढीच राहणार.

सोमवारी मी अडॅप्टर तोच ठेवून फक्त केबल बदलली, अर्ध्या मीटरची, २० गेजची जाड तार असलेली. पाठवतानाही पिनांवर ४.९५ च्या वर दिसू लागले आणि सूचना थांबली. तरीही दादा पाहुण्यांना स्टॅबिलायझरनेच काम झाले असे सांगत होता, म्हणून पुढे मी तो ९ दिवस काढून ठेवला. त्या ९ दिवसांत एकही सूचना आली नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर मोजावे, एवढाच माझा आग्रह होता आणि आजही आहे. आपल्या काकांनाही हे आकडे दाखवा.

आपल्याला कोणी बोर्डाच्या सेटिंगच्या (कॉन्फिग) फाइलमध्ये ‘अव्हॉइड वॉर्निंग्ज’ लिहून ती वीज दिसेनाशी करण्याचा सल्ला दिला असेल तर तो मानू नका. त्याने चिन्ह जाते, दाब तेवढाच कमी राहतो. ‘मेझर व्होल्ट्स’ ही आज्ञाही इथे कामाची नाही. ती प्रोसेसरच्या गाभ्याचे व्होल्टेज सांगते, आणि तो सव्वा व्होल्टच्या आसपासचा आकडा पाहून लोक उगाच घाबरतात. त्याऐवजी ‘गेट थ्रॉटल्ड’ ही आज्ञा देऊन विचारा: ५०००० आले तर बोर्ड सुरू झाल्यापासून कधीतरी दाब पडला होता, ५०००५ आले तर या क्षणीही पडलेला आहे आणि बोर्डाने स्वतःचा वेग कमी केला आहे. पडदा जोडलेला नसेल तर लाल दिवा पाहा, दाब उतरला की तो विझतो.

मोबाइल चार्जरविषयी माझे मत प्रतिकूल आहे. फोन दाब उतरताना पाहून स्वतःची भूक आवरतो, बोर्ड मात्र लागेल तेवढा प्रवाह ओढतच राहतो. पाय ३ साठीचा अधिकृत अडॅप्टर ५.१ व्होल्ट, २.५ ॲम्पिअरचा असतो आणि त्याची केबल जोडलेलीच असते. तो वरचा ०.१ व्होल्ट तारेतली घट भरून काढण्यासाठी आहे. केबल बदलूनही सूचना राहिली तर तो घ्यावा, आणि बाहेरची हार्ड डिस्क असेल तर ती स्वतःचा वीजपुरवठा असलेल्या यूएसबी हबवर हलवावी.

दादाचे एक म्हणणे मात्र मला मान्य करावे लागेल: अडॅप्टर अगदी हलका असेल आणि वीज क्षणभर जात असेल, तर बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो व कार्ड त्यानेही बिघडते. त्यावर उपाय बॅटरी बॅकअपचा आहे, स्टॅबिलायझरचा नव्हे. शिवाय थेट ५ व्होल्टच्या पिनांमधून वीज देऊ नका, कारण पाय ३ वर त्या मार्गात फ्यूज लागत नाही. बोर्ड खराब झाला असेल का, असेही आपण विचारले आहे. केवळ या सूचनेवरून तसे मानण्याचे कारण नाही. आणि हे सर्व पाय ३ पुरते आहे. पाय ५ ला ५ ॲम्पिअरचा पुरवठा हवा असतो, तर जुन्या पाय झिरोवर दाब मोजणारी ही सोयच नाही, त्यामुळे तिथे सूचना आली नाही म्हणून केबल चांगली आहे असे समजू नये.