फक्त अभयारण्यं राखून धोक्यातल्या प्रजाती वाचतील का?
नाही, तेवढ्याने भागणार नाही. अभयारण्याची हद्द जागची हलत नाही, पण तापमान वाढलं की प्राण्यांना मानवणारा पट्टाच डोंगरावर किंवा ध्रुवांकडे सरकतो. त्यामुळे जंगलं जोडणारे संचारमार्ग मोकळे ठेवणं मला सगळ्यात निकडीचं वाटतं.

बेटावरच्या जिवांना मात्र सरकायला जागाच नसते. ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅम्बल के बेटावरचा मेलोमिस हा छोटा उंदीर असाच गेला. समुद्राचं पाणी वारंवार बेटावर चढलं, त्याचं पोट ज्यावर भरायचं ती हिरवळ मेली आणि २००९ नंतर तो दिसलाच नाही. त्याला वाचवायचा आराखडा २००८ मध्येच तयार होता, हे फार जिव्हारी लागतं.

समुद्री कासवांच्या बाबतीत वाळू जास्त तापली की अंड्यांतून जवळपास माद्याच निघतात. तिथे घरट्यांवर सावली करणं लगेच जमण्यासारखं आहे.