तेम्पुरा म्हणजे ‘जपानी भजी’ का?

प्रश्न असा आलाय की ऑफिसातल्या लोकांबरोबर जपानी हॉटेलात जायचंय, तर मेनूतले सुशी, साशिमी, रामेन, टेंपुरा म्हणजे नेमकं काय, आणि टेंपुराला सरळ जपानी भजी म्हटलं तर चालेल का.

पहिले तीन पटकन उरकतो. सुशी म्हणजे कच्चा मासा हे आता बास करा, ऐकून कान किटले. ‘आंबट’ अशा अर्थाच्या जुन्या जपानी विशेषणातून तो शब्द आलाय. आज हा आंबटपणा व्हिनेगर घातलेल्या भाताचा, त्यामुळे तळलेल्या तोफूच्या पिशवीत भात भरलेली इनारीझुशी, जिच्यात मासा औषधालाही नाही, तीसुद्धा सुशीच. भात नाही, नुसते कच्च्या माशाचे काप, ती साशिमी. रामेन म्हणजे रश्श्यातले गव्हाचे नूडल्स, मूळ चीनचे.

आता तेम्पुरा, म्हणजे मासे नि भाज्या पिठात बुडवून तळलेल्या. टेंपुरा नाही, तेम्पुरा. जपानीत आपल्यासारखा ट नाहीच, जीभ दाताला लागते, स्वच्छ आपला त. इंग्रजीत असा त नाही म्हणून ते ट म्हणतात, आपल्याकडे असताना आपण का उसना घ्यायचा? आणि त्यांच्या लिपीत अक्षरं येतात ‘तेन्पुरा’ अशी, पण पुढे प असल्यामुळे न चा उच्चार म होतो, म्हणजे ‘चंपा’तल्या अनुस्वाराचं होतं अगदी तेच, आपला परसवर्ण! तेंपुरा असं लिहिलंत तरी माझी हरकत नाही, फक्त तो ट काढा.

भजी म्हणणं मला पटत नाही. भज्यांच्या बेसनात आपण तिखट, मीठ, ओवा घालून ते चांगलं फेटतो. तेम्पुऱ्याला मैद्यासारखं पीठ, अंडं आणि बर्फासारखं गार पाणी, आणि ते फेटायचं अजिबात नाही, चॉपस्टिक्सने जरा ढवळायचं, गुठळ्या राहिल्या तर राहू द्यायच्या, नाहीतर पिठाला चिकटपणा येतो आणि वरचं कवच चामट होतं. चवीला सोबत दाशी (समुद्री शेवाळ नि सुक्या माशाचं सार), मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू) नि सोया सॉसचं पातळ पाणी, त्यात किसलेला मुळा. भज्यांच्या त्यातल्या त्यात जवळ जातं ते काकिआगे, कांदा-गाजराचे बारीक काप एकत्र करून तळतात ते.

आणि शब्द तर जपानीसुद्धा नाही. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानला पोचले, त्यांच्याकडे ‘तेंपोरास’ म्हणजे वर्षातून चारदा येणारे उपासाचे दिवस, बुध-शुक्र-शनि, मांस वर्ज्य, मग मासे नि भाज्या पिठात बुडवून तळायच्या. दुसरा पक्ष म्हणतो शब्द ‘तेंपेरो’वरून, म्हणजे मसाला, आणि नागासाकीकडे पिठातच मीठ-साखर घालतात हे त्यांचं हुकमी पान. मला ते अजिबात पटत नाही. उपासाच्या दिवसाचं नाव पदार्थाला कसं चिकटेल असं विचारणाऱ्यांनी आपला फराळ बघावा. फलाहाराचं झालं फराळ, आणि दिवाळीत फराळाला या म्हटलं की ताटात चकली-चिवडा, उपास कोणाचाच नसतो! शब्द असेच सरकतात. तिसरी गोष्ट अशी की एदोतला (म्हणजे आजच्या टोकियोतला) लेखक सान्तो क्योदेन (१७६१–१८१६) यानेच हे नाव ठेवलं, ‘तेन’ म्हणजे तेनजिकू, म्हणजे चक्क भारत. त्याच्या भावाने तसं लिहून ठेवलंय. ऐकायला छान, पण क्योदेन जन्मायच्या आधीच्या पाककृतींच्या पुस्तकांत हा शब्द आहे, मग त्याने ठेवलं कसं?

भारताचा खरा संबंध गोव्याचा. जहाजं गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी अशी जायची. फ्रान्सिस झेवियर १५४९ ला कागोशिमाला उतरला तेव्हा सोबत अन्जिरो नावाचा जपानी माणूस होता, त्याचा बाप्तिस्मा आदल्याच वर्षी गोव्यात झालेला. त्याच पोर्तुगीजांच्या ‘पांव’चा आपल्याकडे पाव झाला आणि जपानीत ‘पान’. मूळ उच्चार नाकातला, जपान्यांनी तो न करून टिकवला, आपण सोडून दिला. पायाने तुडवतात म्हणून पाव ही व्युत्पत्ती साफ चूक आहे, कृपा करून ती पुढे पाठवू नका. मेनूत ‘आनपान’ दिसलं तर जरूर मागवा, त्यातलं ‘आन’ म्हणजे अझुकी या लाल कडधान्याचं गोड सारण, आणि ‘पान’ म्हणजे आपला पाव.