वाचकांचे प्रश्न : भिंतीवरचं सी६एच०

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत केंटकीला शिकतोय. त्याने डॅनव्हिल नावाच्या गावातल्या एका जुन्या भिंतीचा फोटो पाठवला, त्यावर रंगाने सी६एच० लिहिलंय आणि खाली मेसेज, 'मावशी, ओळख फॉर्म्युला.' मी आयुष्यभर केमिस्ट्री शिकवली, बेंझिन सी६एच६ असतं, पण हायड्रोजन शून्य असलेलं हे काय आहे?
— निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे

उत्तर : ताई, भाच्याने गुगली टाकलीय. ही केमिस्ट्री नाही, हा मॅचचा स्कोर आहे! सेंटर ६, हार्वर्ड ०. तारीख २९ ऑक्टोबर १९२१.

सेंटर हे डॅनव्हिलमधलं छोटंसं कॉलेज, तेव्हा तिथे तीनशेही विद्यार्थी नव्हते, म्हणजे आपल्याकडे एखाद्या ज्युनियर कॉलेजच्या दोन-तीन तुकड्यांत बसतील एवढे. आणि समोर हार्वर्ड, ज्यांनी १९२० च्या एक जानेवारीला रोझ बोल, म्हणजे तिकडची कॉलेज फुटबॉलची नववर्षातली मानाची मॅच, जिंकलेला. तिकडचं फुटबॉल म्हणजे आपलं पायाचं नाही, अंड्याच्या आकाराचा बॉल हातात घेऊन धावायचं, चार चान्समध्ये दहा यार्ड पुढे सरकायचं आणि समोरचे अकरा जण तुम्हाला पाडायला टपलेले, कबड्डी बघत मोठं झालेल्या माणसाला पकड काय असते ते वेगळं सांगायला नको. त्यात तेव्हा अटॅकला जी पोरं तीच डिफेन्सला, आजच्यासारखी दोन वेगळी टीम नसायची, त्यामुळे छोट्या कॉलेजची पोरं शेवटी शेवटी दमून गळायची.

खरी गोष्ट एक वर्ष आधी सुरू होते. १९२० ला हीच टीम हार्वर्डला जाऊन ३१-१४ हरली होती. असं सांगतात की मॅच संपल्यावर हार्वर्डच्या कॅप्टनने सेंटरच्या बो मॅकमिलिनला मॅचचा बॉल भेट द्यायला हात पुढे केला तर त्याने तो घेतला नाही, म्हणाला पुढच्या वर्षी येऊन जिंकून नेऊ. आणि खरंच आले! चाळीस हजारांच्या वर पब्लिक होतं, आपलं नेरूळचं डी. वाय. पाटील भरल्यावर कसं दिसतं तसं डोळ्यासमोर आणा. हाफपर्यंत शून्य-शून्य, मग तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच मॅकमिलिन बॉल घेऊन ३२ यार्ड धावला, समोरच्यांच्या टोकाची रेषा ओलांडली आणि टचडाऊन, सहा पॉइंट. त्यानंतरची एका जादा पॉइंटची किक हुकली म्हणून सातचे सहाच राहिले, नाहीतर भिंतीवर सी७ असतं आणि तुम्हाला बेंझिन आठवलंच नसतं. गावात पोरांनी जागोजागी हा फॉर्म्युला रंगवून टाकला. १९५० मध्ये असोसिएटेड प्रेसच्या पोलमध्ये हा अर्ध्या शतकातला सगळ्यात मोठा उलटफेर ठरला.

पण मला विचाराल तर सगळे ही एकच मॅच सांगत बसतात आणि बाकीचा सीझन विसरतात, आणि मला तो सीझनच जास्त मोठा वाटतो. क्लेमसनला १४-०, केंटकीतल्याच ट्रान्सिल्व्हेनिया कॉलेजला ९८-०, केंटकी युनिव्हर्सिटीला ५५-०, ऑबर्नला २१-०. रेग्युलर सीझनच्या नऊ मॅचमध्ये सेंटरचे २८२ पॉइंट आणि त्यांच्यावर फक्त ६, तेही सेंट झेवियरने (आपलं मुंबईचं नाही, तिकडचं सिनसिनाटीचं) केलेले. नऊ मॅच मिळून सहा पॉइंट! धावणाऱ्याचं नाव राहतं, पण दर मॅचला अंगावर येणाऱ्यांना अडवून धरणाऱ्या त्या पोरांबद्दल मला जास्त प्रेम वाटतं, भाच्याला हे नक्की सांगा.

प्रश्न : टेक्सास ए अँड एम कॉलेजच्या मॅचचा व्हिडिओ बघितला, सगळे स्टुडंट पूर्ण मॅचभर उभेच असतात, बसत का नाहीत?
— इंजिनियरिंगचा विद्यार्थी, नेरूळ

उत्तर : मित्रा, योगायोग बघ, तुझा प्रश्नही त्याच सेंटरपाशी येतो. रेग्युलर सीझन झाल्यावर डिसेंबरात त्यांनी ॲरिझोनालाही ३८-० हरवलं आणि २ जानेवारी १९२२ ला डॅलसला ए अँड एमशी खेळायला उतरले. सेंटरचा कोच चार्ली मोरन हा आधी ए अँड एमचाच कोच होता, आणि मॅकमिलिनचं त्याच दिवशी सकाळी लग्न झालेलं! ए अँड एमची पोरं एकामागून एक जखमी व्हायला लागली, बेंचवर माणसं उरेनात, तेव्हा ए अँड एमच्या कोचने प्रेस बॉक्समध्ये बसलेल्या किंग गिलला खाली बोलावलं. तो फुटबॉल सोडून बास्केटबॉलकडे वळलेला पोरगा, पण जखमी खेळाडूचे कपडे अंगावर चढवून लाइनीशेजारी तयार होऊन उभा राहिला. ए अँड एम २२-१४ ने जिंकलं, सेंटरचा सीझनमधला एकमेव पराभव. तिथले स्टुडंट स्वतःला बारावा खेळाडू म्हणवतात ते ह्या गिलमुळे, आणि गरज पडली तर आम्हीही तयार आहोत म्हणून उभे असतात. गिलला त्या दिवशी मैदानात उतरावं लागलंच नाही.