बाल्डर्स गेट या कॉम्प्युटर रोल-प्लेइंग गेमचा १९९८ चा पहिला भाग आज खेळावा, की थेट दुसरा?

पहिल्यापासूनच खेळा, २०१२ ची एन्हान्स्ड एडिशन (सुधारित आवृत्ती) घेऊन. साध्या लॅपटॉपवर चालते. मी पुण्यात दोनदा पूर्ण केलाय. खरा जीव तुम्ही जमवलेल्या सहा जणांच्या टोळीत आहे. टोळीतल्या खालिदला काढलंत की त्याची बायको जाहीराही निघून जाते. कैदेतल्या डायनाहेरला सोडवायला उशीर केलात तर तिचा रक्षक मिन्स्क तुमच्यावरच उलटतो. माणसं अशी वागतात म्हणून त्यांची काळजी वाटते! लढाई स्पेसबारने थांबवायची, प्रत्येकाला काम नेमून द्यायचं, पुन्हा सुरू. फक्त सुरुवात कठीण आहे: पहिल्या लेव्हलचा जादूगार एखाद्या बाणातही जातो. त्याला शत्रूंना झोपवणारा स्लीपचा मंत्र द्या, मागे ठेवा. आणि आर्मर क्लासचा, म्हणजे बचावाचा, आकडा जितका कमी, तितकं चांगलं.